सरकलेले शेरे

निकालाच्या दिवशी दुपारी साडेबाराला माझ्या टेबलावर पाच प्रगतिपुस्तकं उरली होती आणि पालक यायचे राहिले होते चार. मी दोनदा मोजलं. मी बहुतेक सगळंच दोनदा मोजते. गॅस बंद केला का, कुलूप ओढून पाहिलं का, मुंगीच्या डब्यात चमचा टाकला का. मुंगी म्हणजे माझी मुलगी, अडीच वर्षांची. आवाज न करता घरभर फिरते म्हणून तिच्या बाबाने ठेवलेलं नाव.

पुस्तकं पाचच होती. म्हटलं, यायचेच पाच असतील, माझंच डोकं ठिकाणावर नाही.

तसं वर्षअखेरच्या त्या पंधरा दिवसांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. चौथीच्या वर्गाच्या भिंतींवरचे तक्ते उतरवून झाले होते आणि त्यांच्या जागी चिकटपट्टीचे चौकोनी डाग राहिले होते. कपाटावर सापडलेल्या वस्तूंचं खोकं होतं. त्यात पाण्याच्या बाटल्यांची नऊ झाकणं आणि एकच मोजा, डाव्या-उजव्याचा पत्ता नाही. मुलं सुट्टीवर गेल्यासारखीच वागत होती. नुसती शरीरं बाकांवर ठेवून गेलेली.

सकाळपासून पालक येत होते, पुस्तक उघडत होते, गुण बघत होते आणि मग खालच्या चौकटीतला शेरा वाचत होते. यंदा सगळे खूश होते. चौदा नंबरचे वडील तर शेरा वाचून टेबलावर थापच मारून हसले. "बाई, अगदी बरोबर ओळखलंत. हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे. माझे वडीलही असेच होते, आणि ही म्हणते मीही." त्यांची बायको शेजारी उभी राहून मान डोलवत होती. मला आतून जरा बरं वाटलं. कॉलेजात बालमानसशास्त्राला मला पहिला वर्ग होता, तो कुठेतरी कामी येतोय असं वाटलं.

शेरे लिहायची आमच्याकडे एक पद्धत आहे. शेऱ्यात 'तो' नाही, 'ती' नाही. एका वर्षी एका मुलाच्या पुस्तकात 'हुशार आणि शांत मुलगी' असं लिहिलं गेलं आणि त्याच्या काकाने शाळेत येऊन तमाशा केला. तेव्हापासून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, नियमच काढला. 'अभ्यासात लक्ष आहे. अक्षर सुधारावे.' असं लिहायचं. वाक्यात माणूस दिसता कामा नये.

तरीही मी एका शेऱ्यासाठी आठवडा घातला होता. वीस नंबर. तिला वर्गातली मुलं गप्पू म्हणतात, कारण ती बोलत नाही. काही विचारलं की हसते, वहीत बघते, आणि आपण पुढच्या मुलाकडे वळतो. मीही वळत होते, खोटं कशाला बोलू. पण वर्षाच्या मध्यात तिचे श्रुतलेखनाचे गुण एकदम पडले. दहापैकी नऊ, नऊ, साडेआठ, आणि मग तीन, दोन. काय झालं म्हणून मी मागची पानं चाळली. आम्ही दर महिन्याला बाकं फिरवतो. गप्पू डावीकडच्या भिंतीला लागून बसली होती तोवर नऊ. तिला खिडकीच्या बाजूला, उजवीकडे नेलं आणि तीन. मग मी वाचताना वर्गात फिरायला लागले. तिच्या उजव्या बाजूला उभी राहून वाचलं की ती लिहायची. डाव्या बाजूला गेले की पेन्सिल थांबायची आणि ती शेजारणीच्या वहीत बघायची. कॉपी करते म्हणून मी तिला दोनदा उभं केलं होतं.

म्हणून वीस नंबरला मी लिहिलं होतं: 'आकलन चांगले. डाव्या कानाने कमी ऐकू येत असावे, सुट्टीत कान तपासून घ्यावेत. उजव्या बाजूने बोलावे.' आणि निकालाच्या दिवशी तिच्या घरच्यांशी तोंडीही बोलायचं ठरवलं होतं.

तिचे वडील सकाळी सर्वांत आधी आले. त्यांचं चौकातून आत गेलं की सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. हात पँटला पुसून त्यांनी पुस्तक घेतलं, एकेका शब्दावर बोट ठेवून शेरा वाचला, आणि मग पुन्हा वाचला.

"ही? इथं?" ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "मलाही आधी लक्षात आलं नव्हतं. मुद्दाम लिहिलंय. सुट्टीत तेवढं बघा हं."

"मग घरी का..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. गप्पू त्यांच्या बोटाला धरून हसत होती. मी आणखी काही बोलणार तर मागून दोन आया एकदम पुढे आल्या आणि एकीने गणिताच्या पेपरचा विषय काढला. मी मान वर केली तेव्हा बापलेक गेले होते. म्हटलं, लिहिलेलं तर आहे.

तर साडेबारा वाजले होते. पाच पुस्तकं. तेवढ्यात भिंगरीची आई आली. भिंगरी म्हणजे एकोणीस नंबर, जागेवर न ठरणारा, वर्षभरात वर्गातले दोन फळे आणि एक नळ मोडलेला. आईचं शिलाईचं दुकान आहे. गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

तिने शेरा वाचला आणि खुर्चीत बसलीच.

"तरीच!" ती म्हणाली. "अहो बाई, हाका मारमारून माझा घसा बसतो. हे म्हणतात, लाडावून ठेवलाय तू. आणि माझ्या पोराचा कानच बिघडलाय होय! ह्या कार्ट्याला मी किती धपाटे घातले असतील..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चांगलं झालं लिहिलंत. आजच नेते दाखवायला."

"कान?" मी म्हटलं.

"हे काय, तुम्हीच लिहिलंय. डावा."

मी पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावर भिंगरीचं नाव होतं. आत गप्पूचा शेरा होता.

आधी मला काहीच कळेना. मी काहीतरी पुटपुटले. मग हात आपोआप उरलेल्या गठ्ठ्याकडे गेला, आणि सर्वांत खालचं पुस्तक निघालं अकरा नंबरचं. अकरा नंबर सहामाहीनंतर शाळा सोडून गेला होता. तो गेला, दाखला गेला, हजेरीपटावर लाल रेघ पडली. पुस्तक मात्र गठ्ठ्यातच राहिलं होतं. आत सुरेख निळ्या अक्षरात शेरा होता. तो मी बारा नंबरसाठी लिहिला होता.

गेल्या गुरुवारचं सगळं डोळ्यांसमोर आलं. शेरे मी एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहिले होते, नावांशिवाय, कारण क्रम मला पाठ होता. माझं अक्षर कोंबडीचे पाय म्हणून ते पुस्तकांत उतरवायला शेजारच्या वर्गाच्या बाई बसल्या होत्या. त्यांना आम्ही मागून शाईबाई म्हणतो. अजून शाईचं पेन वापरतात. शेऱ्याच्या पानावर उघडलेली पुस्तकं एकावर एक रचलेली. मी वाचायचं, त्यांनी लिहायचं, पुस्तक पलीकडे ठेवायचं. नाव मुखपृष्ठावर, ते खाली दबलेलं. मध्येच पाळणाघरातून फोन आला, मुंगीचं अंग गरम लागतंय म्हणून. मी कानाला फोन लावून भरभर वाचत गेले. शेवटी एक पुस्तक कोरं राहिलं.

"अगं, शेवटच्या मुलीचं लिहायलाच विसरलीस की तू," शाईबाई म्हणाल्या. "सांग पटकन काहीतरी."

आणि मी पटकन काहीतरी सांगितलं. पर्स उचलून पळाले. एक पुस्तक कोरं का राहावं, हा प्रश्न डोक्यात आलाच नाही.

म्हणजे बारा नंबरपासून पुढे प्रत्येकाला त्याच्या पुढच्या नंबरचा शेरा गेला होता, आणि शेवटच्या मुलीला घाईत सांगितलेलं काहीतरी. तेवीस मुलं. चौदा नंबर आयुष्यात कधी हट्ट करणार नाही. हट्टी आहे तो पंधरा. तरी त्याच्या बापाला आपलं अख्खं घराणं त्यात दिसलं होतं. एवढ्या घरांनी दुसऱ्याचं मूल वाचलं आणि आपलंच म्हणून मान डोलावली. मी त्या मुलांना ओळखते की नाही, हे एकदम माझं मलाच सांगता येईना.

आणि गप्पूला गेला होता एकवीस नंबरचा शेरा. एकवीस नंबरला अख्खी शाळा रेडिओ म्हणते. तिला मी लिहिलं होतं: 'वर्गाचा प्राण. बोलणे अखंड, गोष्टी सांगण्याची आवड. ऐकण्याचीही सवय लावावी.'

ऐकण्याचीही सवय लावावी. आणि वर मी तोंडाने म्हणाले होते, सुट्टीत तेवढं बघा.

भिंगरीच्या आईला मी कसंबसं समजावलं. "म्हणजे कान चांगलाय?"

"चांगलाय बहुतेक."

"बहुतेक?"

"चांगला आहे."

"मग ऐकत का नाही?" ती म्हणाली.

मोठ्या बाई खोलीत कपाटांना सील लावून घेत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी शिपायाला लाख नीट ओतायला सांगितली आणि मग माझ्याकडे वळल्या.

"कुणाची तक्रार आली?"

"नाही. पण कुणाच्याच लक्षात आलं नाही, हेच तर..."

"मग झालं. बाई, शिक्का पडलेल्या पुस्तकावर खाडाखोड चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. आता तेवीस घरांना फोन करून काय सांगणार? की आम्ही तुमच्या मुलाला ओळखत नाही?"

"निदान वीस नंबर. कानाचा प्रश्न आहे."

"पाचवीच्या बाईंना तोंडी सांगा, शाळा उघडली की."

"दोन महिने आहेत मध्ये."

"कान काय पळून जातोय दोन महिन्यांत?" त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, "तुम्ही दमला आहात. उरलेली पुस्तकं मी देते, घरी जा. मुलगी लहान आहे तुमची."

हे वाक्य लोक मला का म्हणतात ते कधीच कळत नाही. काळजीने म्हणतात की बाजूला व्हा म्हणून.

त्यांचं चूकही नव्हतं. दोन महिन्यांनी कान तिथेच असेल. पण 'मग घरी का...' हे अर्धं वाक्य मला सोडेना. कारण ते पुरं काय आहे, ते मला माहीत होतं.

मुंगी बोलत नाही. म्हणजे फार कमी. तिचे शब्द मी एका छोट्या डायरीत लिहून ठेवते. एकोणीस झालेत, त्यातले चार मुंगीचा बाबा मान्य करत नाही. आदल्याच दिवशी पाळणाघराची आठवड्याची चिठ्ठी आली होती. जेवण चांगलं, झोप दीड तास, आणि खाली: 'दिवसभर बडबड. गाणंही म्हटलं.' मी ती चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले होते. आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं ते हे, की मग घरी का नाही? माझ्याशीच का नाही? मुंगी फ्रिजकडे बोट दाखवून उभी होती. मी मुद्दाम दूध दिलं नाही. बोल आधी, म्हटलं. ती रडली, आणि मग दिलं.

शाळेतून निघून मी पाळणाघरात गेले.

"काकू, कालची चिठ्ठी मुंगीचीच होती ना?"

"मग काय माझी?" पाळणाघराच्या काकू हसल्या. "वर नाव लिहिलंय की."

"नाव वर असलं तरी... काय बोलते ती?"

"अहो, काय काय. बारा पोरं आहेत, मी कुठं एकेकीचं लिहून ठेवू?" त्यांनी मुंगीला बूट घातले. "फार विचार करता तुम्ही. ओळी पडतील कपाळावर."

मुंगीला कडेवर घेऊन मी सायकलच्या दुकानाकडे चालू लागले. वाटेत वाक्यं जुळवत होते. एक चूक झाली. माझ्याकडून नाही, म्हणजे माझ्याकडूनच.

दुकानात हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. गप्पूचे वडील उलट्या सायकलचं चाक फिरवून बघत होते. गप्पू पायरीवर बसली होती, जुन्या घंट्यांच्या डब्याजवळ. मला बघून हसली. मुंगी कडेवरून घसरून सरळ तिच्या उजवीकडे जाऊन बसली आणि एक घंटा हातात घेतली.

"बाई! या," वडील उठले. यंत्र चालूच होतं, म्हणून जरा मोठ्याने बोलत होते. "बरं झालं आलात. मला विचारायचंच होतं. शाळेत ही काय बोलते हो?"

मी तोंड उघडलं, पण ते थांबले नाहीत.

"आम्ही दोघं राबतो, बाई. हिची आई दवाखान्यात पाळीवर असते. घरात आम्ही हिच्या तोंडाकडे बघत बसतो, काहीतरी बोल म्हणून. आणि तिकडं गोष्टी सांगते. वर्गाचा प्राण!" ते हसायला गेले, जमलं नाही. "सकाळपासून मीही बोललो नाही तिच्याशी. म्हटलं, कळू दे गप्प माणसाबरोबर कसं राहतात ते."

"मग?"

"मग काय. तिला पत्ताच नाही. बसलीये घंट्या वाजवत."

मी सांगितलं. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. गठ्ठा, अकरा नंबर, फोन, कोरं पुस्तक, सगळं उलटसुलट. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की अर्धं समजत नाहीये. मग मी भिंत, खिडकी, नऊ आणि तीन हे सांगितलं. तिथे त्यांचा हात चाकावर थांबला.

"म्हणजे तो शेरा हिचा नाही."

"नाही. चूक माझी आहे."

"आणि मी सकाळपासून..." ते यंत्रापाशी गेले आणि बटण बंद केलं. दुकान एकदम शांत झालं. ते पायरीच्या डाव्या बाजूला, मुलीच्या जरा मागे जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात तिला घरच्या नावाने हाक मारली. ती घंटेचा स्क्रू फिरवत होती, फिरवत राहिली. पुन्हा हाक. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

मुंगीने मात्र मान वर केली होती. तिन्ही वेळा. मी तिकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, मला त्या घडीला बरं वाटणं बरोबर नव्हतं.

मग ते उजव्या बाजूला येऊन बसले आणि तेवढ्याच हळू म्हणाले, "बाळा."

"काय?" गप्पू म्हणाली.

त्यांनी तिच्या डोक्यावर वंगणाने काळा झालेला हात ठेवला. मग मला म्हणाले, "रागवायला हवं मी तुमच्यावर. पण कशाबद्दल रागवू तेच कळेना." गल्ल्यामागून पुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "हे खोडा. आणि खरं काय ते लिहा. डॉक्टरला दाखवायला काहीतरी हातात हवं."

शिक्क्याचं मोठ्या बाईंनी सांगितलेलं आठवलं. मी पेन काढलं आणि 'वर्गाचा प्राण' वर रेघ मारायला टेकवलं, तेवढ्यात गप्पू उठून माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली, चांगला कान माझ्याकडे करून. तिने चौकटीवर बोट ठेवलं.

"हे नका ना खोडू," ती म्हणाली. वर्षभरात तिचं इतकं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"अगं, पण हे तुझं नाहीये. हे रेडिओचं आहे. चुकून झालं माझ्याकडून."

"माझंपण आहे. मी सांगते गोष्टी."

"कुणाला?"

"हिला सांगितली ना आत्ता." तिने मुंगीकडे हनुवटी केली. "घंटीची."

मी दोघींकडे बघितलं. मी तिथेच तर उभी होते, चार पावलांवर. डोळ्यांत तेल घालून दोघींवर लक्ष ठेवून होते. यंत्र चालू होतं, आणि मी बोलत होते. मला काही ऐकू आलं नव्हतं.

"मग हिने ऐकली?"

"हो. 'मग?' म्हणाली. दोनदा."

'मग' डायरीत नव्हता. मी मुंगीकडे बघितलं. तिने घंटा वाजवली आणि फ्रिजसमोर उभी राहते तसं माझ्या बाटलीकडे बोट दाखवलं. मी बाटली दिली. आज काही बोल म्हटलं नाही.

पहिल्या शेऱ्यातल्या शेवटच्या वाक्यावर, ऐकण्याच्या सवयीच्या त्या वाक्यावर, मी रेघ मारली. बाकीचं राहू दिलं. खाली जागा फार नव्हती, शिक्क्यावरच लिहावं लागलं. डावा कान तपासावा. उजव्या बाजूने बोलावे. माझं अक्षर शाईबाईंच्या अक्षराखाली फारच गिचमिड दिसत होतं. वडिलांनी बोट ठेवत दोन्ही वाचलं, वरचंही आणि खालचंही, आणि मला विचारलं, "ह्यातलं डॉक्टरला कुठलं दाखवू?"

"खालचं," मी म्हटलं. मग म्हटलं, "दोन्ही दाखवा."

बाहेर पडल्यावर मला उरलेली एकवीस घरं आठवली. त्यांचे नंबर मी मनात म्हणत चालले, बारा, तेरा, चौदा. कडेवर मुंगी घंटा हातात घेऊनच आली होती. ती परत द्यायला आम्हाला पुन्हा मागे जावं लागलं.